साठवलेल्या पैशाची राखण

अमेरिकेत कृष्णवर्णीय तरुणींच्या पैशाविषयी बोलणं निघालं की दोनच सूर लागतात. पहिला म्हणतो, खर्चाला आळा घाला. केसांवर, नखांवर, बाहेरच्या कॉफीवर जाणारे पैसे बाजूला टाका, गुंतवा, एका पिढीत घर वर येईल. दुसरा म्हणतो, गुलामगिरीपासून घरकर्जातल्या भेदभावापर्यंत जी लूट झाली ती हिशेबाच्या वहीने भरून निघत नाही, त्यामुळे आर्थिक साक्षरतेचे वर्ग म्हणजे जिच्यावर अन्याय झाला तिच्याच माथी दोष मारणं. तिकडच्या मराठी घरांतही पहिला सूर ओळखीचा आहे: आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, काटकसर केली, वर आलो, यांना कोणी अडवलंय? वाद जुना आहे आणि दोन्हीकडून वाईट रीतीने घातला जातो, कारण या मुलींना बचत करता येत नाही हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. एक ती शिकवायला निघतो, दुसरा शिकवून उपयोग नाही म्हणतो. माझं म्हणणं वेगळं आहे. या समाजातल्या बायकांना बचत पिढ्यान्‌पिढ्या येते. ती बुडवली गेली, लुबाडली गेली, फीच्या रूपाने थेंबाथेंबाने काढून घेतली गेली. म्हणून शिकवायची आहे ती राखण: पैसा कुठे ठेवायचा, हमी कुणाची, कागद कुणाच्या नावावर, आणि त्याला हात कोण लावू शकतं. यातून गोऱ्या आणि काळ्या घरांमधली दरी बुजणार नाही, आणि तसं वचन देणाऱ्यांनी ते देणं थांबवावं. पण हातात जे आहे ते हातात राहण्यासाठी हे शिक्षण लागतंच.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करू. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत अगदी मधल्या गोऱ्या कुटुंबाची, म्हणजे निम्मी ज्याच्या वर आणि निम्मी खाली अशा कुटुंबाची, निव्वळ संपत्ती २,८५,००० डॉलर होती, तशाच मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. पूर्णवेळ काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला गोऱ्या पुरुषाच्या कमाईच्या दोन तृतीयांशांच्या आसपास मिळतं. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार पदवी हातात पडून चार वर्षं झाली तेव्हा कृष्णवर्णीय पदवीधरांवर सरासरी ५२,७२६ डॉलरचं शैक्षणिक कर्ज होतं, गोऱ्यांवर २८,००६. ही दरी वारशातून आणि वेतनातून आलेली आहे, कॉफीतून नाही. रोज ५ डॉलरची कॉफी सोडली तर वर्षाला १,८२५ डॉलर वाचतात. दोन्ही कुटुंबांतला २,४०,००० चा फरक त्यातून भरायला १३१ वर्षं लागतील.

यावर पहिल्या बाजूकडे उत्तर आहे, आणि तेही खरं आहे. तेच १,८२५ डॉलर दरवर्षी गुंतवले आणि महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरला, तर ४० वर्षांत सुमारे २,२०,००० डॉलर होतात. चक्रवाढीचं गणित कुणाचा रंग पाहत नाही. फक्त त्यात एक अट आहे, ती वर्गात फळ्यावर कधी लिहिली जात नाही: चाळीस वर्षं त्या पैशाला कुणाचाही हात लागता कामा नये. आजारी आईचा नाही, बँकेच्या फीचा नाही, दलालाचा नाही. ही अट कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत कितीदा पाळली गेली आहे?

३ मार्च १८६५ रोजी लिंकनच्या सहीने फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक उभी राहिली, नुकत्याच मुक्त झालेल्यांनी बचत करावी म्हणून. त्यांनी ती केली. शेतमजूर, सैनिक, धुणी धुणाऱ्या बायका यांनी नाण्यानाण्याने ठेवी भरल्या. १७ राज्यांत आणि वॉशिंग्टनमध्ये मिळून ३७ शाखा झाल्या. ठेवीदारांचा समज असा की सरकार पाठीशी आहे. बँकेचा प्रचारही तो समज पोसणारा होता, पण प्रत्यक्षात हमी नव्हती. सुरुवातीला ठेवी सरकारी रोख्यांत ठेवायचं बंधन होतं. १८७० मध्ये कायदा सैल करून जमीन-इमारतींवर कर्जं द्यायला मोकळीक दिली गेली, संचालकांच्या ओळखीपाळखीतल्यांना पैसे वाटले गेले, आणि १८७३ च्या मंदीत ती कर्जं बुडाली. मार्च १८७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केलं गेलं तेव्हा बँक आतून पोखरलेली होती. त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर घातले, तरी जूनअखेर दारं बंद झाली. ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. काहींना वर्षानुवर्षांनी थोडेफार मिळाले, अनेकांना काहीच नाही. त्या ठेवीदारांत बचतीची कोणती सवय कमी होती?

आणि इतकं होऊनही बचत थांबली नाही, हे मला या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. धुणी धुणाऱ्या आईची मुलगी मॅगी लीना वॉकर यांनी १९०३ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. सनद घेऊन बँक काढणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. नावातच पेनी आहे, कारण ग्राहक पेनी जमवणाऱ्या होत्या. महामंदीत देशभर बँका कोसळत असताना ही बँक १९३० मध्ये शहरातल्या इतर कृष्णवर्णीय बँकांशी एकत्र होऊन टिकली. वॉकर यांनी बायकांना पैसे वाचवा एवढंच सांगितलं नाही. पैसा ज्या संस्थेत जाईल ती आपल्या डोळ्यांसमोर आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गच्या ओसीओला मॅकार्टी. सहावीत शाळा सुटली, जन्मभर लोकांचे कपडे धुऊन इस्त्री केले. १९९५ मध्ये, ८७ व्या वर्षी, त्यांनी तिथल्या विद्यापीठाला दीड लाख डॉलर शिष्यवृत्तीसाठी दिले. त्याच विद्यापीठाने १९६५ पर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडलं नव्हतं. बँकेतल्या अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे दहा डाइम मांडले, म्हणजे दहा सेंटची दहा नाणी, आणि पैशाची वाटणी कशी करायची ते विचारलं. त्यांनी एक चर्चला, तीन तिघा नातलगांना आणि सहा विद्यापीठाला लावली. ‘सहावी शिकलेली’ ही बाई आर्थिकदृष्ट्या निरक्षर होती असं कोण म्हणेल?

कुणी म्हणेल, हा इतिहास झाला. आता ठेवींना संरक्षण आहे. आहे. १९३३ च्या कायद्याने आलेला एफडीआयसी, म्हणजे सरकारी ठेव विमा महामंडळाचा, विमा आज प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला अडीच लाख डॉलरपर्यंत सांभाळतो. पण तो बँक बुडाली तरच लागू होतो. बँक आणि ग्राहक यांच्यामध्ये बसलेली कंपनी बुडाली तर नाही. एप्रिल २०२४ मध्ये सिनॅप्स ही मधली कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि मोबाइल ॲपवर ‘एफडीआयसी विमा’ असं वाचून पगार ठेवलेल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पैसे अडकले. बँका शाबूत होत्या. कोणाचे किती याच्या नोंदी जुळत नव्हत्या. १८७४ आणि २०२४ मध्ये चूक एकाच जागी आहे: हमी कुणाची ते ठेवीदाराने नावानिशी पाहिलेलं नव्हतं. म्हणून वर्गात पहिल्या दिवशी करून घ्यायचं काम हे. स्टेटमेंटवर बँकेचं नाव शोधा, एफडीआयसीच्या संकेतस्थळावर ते तपासा, पतसंस्था असेल तर एनसीयूए या पतसंस्थांवरच्या सरकारी संस्थेच्या यादीत पाहा. नुसत्या ॲपचं नाव दिसत असेल तर महिन्याचं भाडं आणि अडीअडचणीचे पैसे तिथे ठेवू नका.

साक्षरतेच्या वर्गांवरचा आणखी गंभीर आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: हेच वर्ग गळ म्हणून वापरले गेले. बाल्टिमोर शहराने वेल्स फार्गोवर भरलेल्या खटल्यात २००९ मध्ये बँकेच्या माजी कर्मचाऱ्यांनी शपथेवर सांगितलं की कृष्णवर्णीय चर्चमध्ये ‘संपत्ती उभारा’ अशा नावाची शिबिरं घेऊन महागडी कर्जं गळ्यात मारली जात. २०१२ मध्ये बँकेने आरोप मान्य न करता साडेसतरा कोटी डॉलरची तडजोड केली. त्याआधी २०११ मध्ये कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीची तडजोड साडेतेहतीस कोटींची झाली होती; तिथे चांगल्या दराच्या कर्जाला पात्र असलेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ग्राहकांना चढ्या दराच्या कर्जाकडे वळवल्याचा सरकारचा आरोप होता. पण यावरून वर्ग बंद करा असा निष्कर्ष निघतो का? त्या शिबिरांत घर घ्यायचं स्वप्न शिकवलं गेलं. दुसऱ्या बँकेचा दर विचारून या, दोन वर्षांनी व्याजदर किती वाढेल ते कागदावर दाखवा म्हणा, असं कुणी शिकवलं नाही. शिकवणाऱ्याला कोण पैसे देतं, हे विचारणं हा साक्षरतेचाच पहिला धडा आहे.

मोटारीच्या कर्जात हे आजही रोज घडतं, आणि शिक्षणाचं कर्ज सोडलं तर अनेक तरुणींचं पहिलं मोठं कर्ज मोटारीचंच असतं. बँक विक्रेत्याला एक दर कळवते. विक्रेता त्यावर आपला टक्का-दोन टक्के चढवून ग्राहकाला सांगतो, आणि चढवलेल्या व्याजात त्याचा वाटा असतो. कोणावर किती चढवायचं हे त्याच्या मर्जीवर. याच पद्धतीतून कृष्णवर्णीय ग्राहकांना जास्त दर लागल्याबद्दल मोटारकर्ज देणाऱ्या ॲली कंपनीने २०१३ मध्ये ९ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. उपाय साधा आहे. दुकानात जाण्याआधी पतसंस्थेकडून मंजुरीपत्र घ्या, दर आणि मुदत त्यावर लिहून आणा. १४ दिवसांच्या आत तीन-चार ठिकाणी विचारणा केली तर पतगुणांकात (क्रेडिट स्कोअरमध्ये) ती एकच धरली जाते, त्यामुळे ‘फार ठिकाणी विचारलं तर गुण घसरतील’ ही भीती सोडून द्या. आणि विक्रेता ‘महिन्याला किती झेपेल?’ असं विचारू लागला की आकडा सांगू नका; हप्ता लहान दिसावा म्हणून तो मुदत ७२ किंवा ८४ महिन्यांवर नेतो.

नेहमीच्या सल्ल्याचा क्रमही मला चुकीचा वाटतो. ‘आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाका’ असं सांगितलं की महिन्याला ४० डॉलर शिल्लक पडणारी मुलगी पहिल्याच आठवड्यात हात टेकते. टेनेसी राज्यात मेम्फिसमधल्या एका इस्पितळात वर्षाला ४२,००० डॉलरवर काम करणारी २४ वर्षांची मुलगी धरू. तिचं पहिलं लक्ष्य ५०० डॉलर, मग १,०००. एवढंच का? कारण पडझड तिथून सुरू होते. खात्यात १२ डॉलर कमी पडले तर अनेक बँका ३५ डॉलरच्या आसपास ओव्हरड्राफ्ट फी लावतात. त्यातून बाहेर पडायला पगारावर उचल घेतली, तर १०० डॉलरला दोन आठवड्यांचे १५ हा रूढ दर वर्षाला ३९० टक्क्यांवर जातो. ३०० ची उचल जिथे पुढे ढकलता येते तिथे दहा आठवड्यांत २२५ डॉलर फी जाते आणि मुद्दल ३०० तसंच उभं असतं. हजार डॉलरची गंगाजळी म्हणजे या सापळ्याच्या तोंडावर ठेवलेला दगड आहे. डेबिट कार्डावरचा ओव्हरड्राफ्ट बँकेला सांगून बंद करता येतो. मग कार्ड नाकारलं जातं, फी लागत नाही. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेकींना ते कुणी सांगितलेलं नसतं.

त्यानंतर लगेच मालकाचा वाटा. इस्पितळ पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालत असेल, तर तिने महिन्याला २१० डॉलर ४०१(के) या निवृत्तीच्या बचतखात्यात टाकल्यावर इस्पितळ १०५ घालतं. रक्कम करपूर्व जात असल्याने आणि टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नसल्याने तिच्या हातात येणारा पगार सुमारे १८५ नेच कमी होतो. १८५ सोडून ३१५ जमा. हा पगाराचाच भाग आहे. फॉर्म न भरणं म्हणजे वर्षाला १,२६० डॉलर पगार नाकारणं. इथेही राखण हवी. मालकाची भर पूर्ण आपली व्हायला अनेक ठिकाणी तीन वर्षं लागतात, त्यामुळे अडीच वर्षांनी नोकरी बदलताना आधी ती तारीख पाहा. नोकरी सोडताना खात्यात हजार डॉलरहून कमी असतील तर योजना परस्पर चेक पाठवू शकते. तो वटवला की कर आणि वर १० टक्के दंड. चेक आपल्या नावे घेऊ नका, नव्या खात्याकडे थेट वर्ग करायला सांगा. तरुण वयात खाती रिकामी होतात ती अशा छोट्या चेकांनी.

पतगुणांक ही दुसरी जागा, जिथे चांगली सवय असूनही नुकसान होतं. २०० किंवा ३०० डॉलर ठेव ठेवून मिळणारं कार्ड सुरुवातीला चांगलं. पण ३०० च्या मर्यादेवर २५० खर्च करून देय तारखेला सगळे भरले, तरी पतअहवालात मर्यादेच्या ८३ टक्के वापर दिसू शकतो, कारण बहुतेक बँका बिल तयार होण्याच्या दिवशीची बाकी कळवतात. वापर आणि थकबाकीला गुणांकात ३० टक्के वजन आहे, वेळेवर भरण्याला ३५. म्हणून बिलाच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी भरून ३०-४० डॉलरच बाकी दिसू द्या. व्याज देऊन गुण वाढतात ही समजूत खोटी आहे. एक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांचा अहवाल आठवड्याला एकदा फुकट पाहता येतो. त्यात न घेतलेली कर्जं, जुनी इस्पितळाची बिलं, कधी घरच्याच कुणी त्या नावावर घेतलेलं वीजजोड सापडतं.

आता सर्वांत अवघड भाग. घरातली पहिली कमावती मुलगी एकटी कमावत नसते. आईचं भाडं, भावाचा जामीन, मावशीची गाडी. महाराष्ट्रात गावाकडे पैसे पाठवणाऱ्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. आर्थिक सल्लागार इथे सरळ ‘नाही म्हणायला शिका’ म्हणतात, आणि हा सल्ला जितका उद्धट आहे तितकाच निरुपयोगी आहे. ज्या समाजाला बँकेने, विमा कंपनीने, सरकारने दार लावलं, तिथे नातं हीच विमा योजना होती. ती मोडून टाका असं सांगणारा उद्या तिची नोकरी गेली तर तिला भाडं देणार आहे का? करता येतं ते असं. मदतीचं वेगळं खातं, पगाराच्या दिवशी त्यात ठरलेली रक्कम, समजा १२५ डॉलर. मागणी आली की त्यातून द्यायचं. संपलं की पुढच्या महिन्यात. दिलेले पैसे परत येतील असं धरायचं नाही. पण कर्जाला सही करून जामीन राहायचं नाही, कारण सही केली की पूर्ण कर्ज तिच्या अहवालात तिचंच दिसतं आणि एक चुकलेला हप्ता सात वर्षं राहतो. भावाची पत उभी करायची असेल तर आपल्या जुन्या कार्डावर त्याचं नाव जोडा आणि कार्ड आपल्याकडेच ठेवा. रोख रक्कम द्या, सही देऊ नका. या एका फरकाने नातंही राहतं आणि पतही.

नात्यावरची बचत तर या समाजात शतकांपासून आहे. पश्चिम आफ्रिकेतून आणि कॅरिबियनमधून आलेली सूसू म्हणजे आपली भिशी: दहा जणी, आठवड्याला १०० डॉलर, दर आठवड्याला एकीला १,०००. व्याज नाही, कागद नाही, पण हप्ता चुकवायची लाज आहे, आणि ती कोणत्याही ॲपच्या सूचनेपेक्षा जास्त काम करते. धोका दोन ठिकाणी: आधी उचलून नंतर हप्ते थांबवणारी, आणि पैसे घेऊन गायब होणारी प्रमुख. म्हणून नव्या सभासदाला शेवटचे क्रमांक द्या, आणि एका फेरीत आपल्याला बुडाले तर झेपतील एवढेच घाला. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात याच नावाखाली १०० डॉलर भरा, ८०० मिळवा अशी मंडळं पसरली. खऱ्या सूसूत सभासद ठरलेले असतात आणि भरले तेवढेच परत मिळतात. एकीला ८०० मिळायचे तर आठ नव्या हव्यात, त्या आठींना मिळायला चौसष्ट, मग पाचशे बारा. हे गणित फळ्यावर मांडायला एक मिनिट लागतं.

‘आम्ही दोन बॅगा घेऊन आलो’ या युक्तिवादाचं काय? त्या बॅगांत पदवी होती. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडलं ते शिकलेल्या, निवडून घेतलेल्या माणसांना. मागे राहिलेल्यांशी त्यांची तुलना कुणी करत नाही. आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या वातावरणात झाला, म्हणजे ज्यांना आपण काटकसर शिकवायला जातो त्यांनीच ते दार ढकललं होतं. त्या काटकसरीला मी कमी लेखत नाही. पण तिच्या साठवणीवर बँक बुडाली नाही, वस्ती जाळली गेली नाही, नकाशावर लाल रेघ ओढून कर्ज नाकारलं गेलं नाही.

कागदांचं एक राहिलं. दक्षिणेत कृष्णवर्णीय कुटुंबांच्या हातून जमिनी गेल्या त्याचं एक मोठं कारण मृत्युपत्र नसणं. जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहते. दूरच्या एखाद्या चुलतभावाचा हिस्सा व्यापारी विकत घेतो आणि कोर्टात जाऊन अख्ख्या जमिनीचा लिलाव मागतो. सातबाऱ्यावर वारसनोंद लावण्याची धडपड पाहिलेल्या वाचकाला हे लगेच कळेल. २४ व्या वर्षी जमीन नसते, पण ४०१(के), आयुर्विमा आणि बँक खात्यावर नॉमिनीचं नाव असतं, आणि ते मृत्युपत्रापेक्षाही वरचढ ठरतं. लग्न, घटस्फोट किंवा कुणाचा मृत्यू झाला की त्याच आठवड्यात ते बदला.

कनेटिकट राज्याने या वादातून एक वाट काढली आहे. १ जुलै २०२३ पासून ज्या बाळाच्या जन्माचा खर्च गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून होतो, त्या प्रत्येकाच्या नावे राज्य ३,२०० डॉलर गुंतवतं. वयाच्या १८ ते ३० या काळात ते शिक्षण, घर, उद्योग किंवा निवृत्तीसाठी काढता येतात, आणि काढण्याआधी आर्थिक शिक्षण पूर्ण करावं लागतं. पैसा आधी, वर्ग नंतर. वर्ग कशासाठी, तर आलेला पैसा सांभाळण्यासाठी. पहिली मुलं २०४१ मध्ये पैसे मागायला येतील. त्या दिवसापासून त्यांच्या दारात मोटारविक्रेते, कर्जवाले आणि गुंतवणूक शिकवणारे उभे असतील. तेव्हा वर्गात त्यांना खर्च कमी करा असं सांगितलं जाणार की दर कुणी ठरवला, हमी कुणाची आणि सही कुणाची हे विचारायला शिकवलं जाणार, हे ठरवायला राज्याकडे अजून वेळ आहे. इतर राज्यांनी तर आधी ते ३,२०० डॉलर टाकायला हवेत.